पाचची गिनती

सोमवार, ३ मार्च २०२५

नोकरीचा पहिला दिवस, आणि काहीही बिघडलं नाही. फुलपाड्याहून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, तिथून चांदीपपर्यंत बस, आणि पुढचे पाच किलोमीटर स्टीवन अंकलच्या टेम्पोत. मांडीवर स्कॅनरची पेटी, पायाशी वांग्यांची टोपली. अंकल म्हणाले, पेटी अशी पोटाशी धरलीयस, आत बाळ आहे काय. मी म्हटलं, बाळ पडलं तर रडेल तरी, हा पडला तर मला रडावं लागेल. उरलेला सगळा रस्ता ते हसत होते.

जागा छान आहे. मोकळा माळ, मागे डोंगर, कुंपणाला लागून मोहोर गळणारे तीन आंबे. गावात याला नुसतं 'कॅम्प' म्हणतात.

कामाचं स्वरूप लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाद नको. दुसऱ्या महायुद्धात सरकारने इथे शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांना नजरकैदेत ठेवलं होतं: मुंबई बंदरात अडकलेल्या जहाजांवरचे इटालियन खलाशी, दोन जर्मन इंजिनिअर, काही धर्मगुरू. पाच बराकींपैकी आता एकच उभी आहे, तीन नंबरची. एका खासगी ट्रस्टला इथे स्मारक करायचंय. पडलेल्या बराकी होत्या तशा बांधायच्या, म्हणजे आत शिरणाऱ्याला कळेल की माणसं कशी राहत होती. त्यासाठी बराक आणि तिच्यापुढचं अंगण लेझरने स्कॅन करून मॉडेल बनवायचं. आमचं ऑफिस बोळिंजला, साहेब उमंगसर. माझ्याआधी उन्नती नावाची मुलगी हे काम करत होती. जानेवारीत अर्ध्यावर सोडून गेली. तिची हार्ड डिस्क आणि वीस मुद्द्यांची चेकलिस्ट मला मिळाली. प्रत्येक मुद्द्यापुढे टिक करायची आणि सही. मला अशी कामं आवडतात.

उमंगसरांनी मुलाखतीत कामाबद्दल तीन प्रश्न विचारले होते आणि घरी कोण कोण असतं याबद्दल चार. मी सांगितलं, मोठी बहीण मीरा आणि मी. आई-बाबा चिपळूणला. यापलीकडे त्यांना काही कळायची गरज नव्हती.

सोमवार ते शुक्रवार मी इथेच राहणार, बराकीमागच्या खोलीत. जेवण क्लेमेंटीन आंटींकडे. त्या आणि स्टीवन अंकल कॅम्पची राखण करतात, कुंपणापलीकडेच त्यांचं घर. मूळचे आगाशीकडचे. दोघंही बोलकी. फक्त एक गंमत: अंगणात कोणी उभं राहत नाही. अंकल फोनवर बोलताना गोल गोल फिरत होते, घाण्याच्या बैलासारखे. आंटी कोंबड्यांना दाणे टाकतात ते चालता चालता. दूधवाला मोटरसायकल न थांबवता किटली सोपवून गेला. मी विचारलं तर अंकल म्हणाले, उभं राहिलं की गुडघे धरतात, बाय. दूधवाला पंचविशीचा असेल.

मंगळवार, ४ मार्च

मॉडेलसाठी मला एक जुना अहवाल मिळालाय. युद्धात नसलेल्या एका देशाचा तपासनीस १९४२ मध्ये इथे येऊन गेला, त्याने टाइप केलेली अकरा पानं. कामाची माणसं असंच लिहितात. एका बराकीत चाळीस माणसं. प्रत्येकाला भिंतीचे पंचाहत्तर सेंटिमीटर: त्यात खाट, खाटेखाली पत्र्याची पेटी, वर एक खिळा. चार माणसांत एक बादली पाणी. दुपारी तीनला पत्र्याखाली एक्केचाळीस अंश. ढेकणांसाठी खाटांचे पाय रॉकेलच्या डब्यांत. महिन्याला दोन पत्रं, चोवीस ओळींची. पावाच्या मऊ भागाच्या सोंगट्या करून बुद्धिबळ खेळत. सोंगट्या नंतर खाल्ल्या गेल्या असं तपासनिसाला सांगण्यात आलं.

दिवसातून दोनदा गिनती. सकाळी सात, संध्याकाळी पाच. अंगणात चाळीस चौकोनी लाद्या आहेत, चार रांगा, रांगेत दहा. एका लादीवर एक माणूस. आकडा जुळेपर्यंत कोणी हलायचं नाही.

लाद्या मी मोजल्या. दोन लाद्यांच्या मध्यांमधलं अंतर पंचाहत्तर सेंटिमीटर. म्हणजे खांद्याला खांदा.

बुधवार, ५ मार्च

क्लेमेंटीन आंटी सकाळी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आल्या. आजपासून त्यांचा उपवासकाळ. मला म्हणाल्या, तुझ्यासाठी अंडं केलंय, आमच्या पापांची शिक्षा तुला कशाला.

आज डेटा पाहिला. एक अडचण आहे, ती नीट लिहिते.

स्कॅनर तिवईवर स्वतःभोवती फिरतो, एका स्कॅनला तीन मिनिटं. किरण ज्याला लागेल तिथे एक बिंदू नोंदला जातो. मध्ये माणूस उभा असला तर दोन गोष्टी होतात. माणसाच्या अंगावर बिंदू पडतात, आणि मागच्या भिंतीवर त्याच्या आकाराची रिकामी जागा राहते, कारण किरण तिथवर पोचतच नाहीत. तिला आम्ही सावली म्हणतो.

काल संध्याकाळी पाचच्या स्कॅनमध्ये बराकीच्या भिंतीवर नऊ सावल्या आहेत. डोकं, खांदे, खाली दोन पाय. पंचाहत्तर सेंटिमीटर अंतराने.

सावल्या आहेत. त्या पाडणारं काही नाही. अंगणात एकही बिंदू नाही.

दुपारच्या स्कॅनमध्ये भिंत पूर्ण आहे.

गुरुवार, ६ मार्च

शक्यता एकेक करून तपासल्या. भिंत ओली असेल तर किरण परत येत नाहीत: भिंत कोरडी आहे. काळा रंग किरण शोषतो: रंग पांढरा चुना. कोणी फाइलमधले बिंदू पुसले: हे शक्य आहे. सफाई करताना मध्ये आलेली माणसं पुसतात, ते आमचं रोजचंच काम. पण हे कार्ड स्कॅनरमधून काढलं ते मीच, आणि लॅपटॉपला पासवर्ड आहे.

मग उन्नतीची हार्ड डिस्क उघडली. दोनशे बारा स्कॅन. त्यांतले सकाळी सातच्या आणि संध्याकाळी पाचच्या आसपासचे एकूणएक गायब. यादीत क्रमांक आहेत, फाइली नाहीत.

म्हणजे तिलाही दिसलं होतं, आणि तिने किंवा उमंगसरांनी ते लपवलं. का, ते कळत नाही. मी उमंगसरांना फोन केला. म्हणाले, यंत्र नवीन, मुलगी नवीन, होतं असं. चेकलिस्ट पूर्ण कर, सगळी उत्तरं त्यात आहेत. मी विचारलं, तुम्ही साइटवर कधी याल. म्हणाले, रेंज नाहीये, आवाज तुटतोय. आवाज अजिबात तुटत नव्हता.

शुक्रवार, ७ मार्च

चार कोपऱ्यांतून चार स्कॅन घेतले, सगळे पाचच्या आगेमागे. सावल्या जुळवून प्रत्येकीची जागा काढली. सगळ्या लाद्यांवर बसतात. एकोणचाळीस.

एक लादी रिकामी. पुढची रांग, डावीकडून सातवी.

चेकलिस्टचा चौदावा मुद्दा: सावल्यांबद्दल शंका असल्यास रांगेतल्या रिकाम्या जागी स्वतः तीन मिनिटं स्थिर उभं राहून संदर्भ-स्कॅन घ्यावा, म्हणजे सावलीची रुंदी पडताळता येते.

पद्धत योग्य आहे. अनोळखी गोष्ट मोजायची तर शेजारी माहितीची गोष्ट ठेवावी लागते. मला फक्त एवढंच खटकलं की जागा 'रिकामी' असेल हे लिहिणाऱ्याला आधीच माहीत होतं.

आज बस गाठायची आहे. सोमवारी करीन.

सोमवार, १० मार्च

शनिवार-रविवार घरी बरा गेला. मीराला सगळं सांगितलं नाही. ती कपडे इस्त्री करत म्हणाली, तुझा चेहरा बँकेतल्या काउंटरच्या काचेसारखा झालाय, आत माणूस आहे पण बोलायला भोकं तेवढी ठेवलीत. ती सात वर्षांनी मोठी आहे. आईपेक्षा जास्त तिनेच मला वाढवलं. तिच्यापासून काही लपत नाही, म्हणून मी कमी बोलते.

चौदावा मुद्दा पूर्ण केला. ४:५९ ला स्कॅनर चालू केला आणि सातव्या लादीवर उभी राहिले. हात खाली, नजर समोर. कुंपणापलीकडून क्लेमेंटीन आंटी ओरडल्या, बाय, तिथं उभी नको राहूस, हल तिथून, पाय हलव. हातातली बादली टाकून त्या धावत येत होत्या. मी मान हलवली नाही. हललं तर स्कॅन बिघडतो. तीन मिनिटं झाल्यावर उतरले तेव्हा आंटी कुंपणाच्या फाटकाला धरून उभ्या होत्या. मी विचारलं, काय झालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, आता काय. पानी पी.

निकाल: पुढच्या रांगेत दहा सावल्या. माझीही आहे, सातवी. रुंदी जुळते.

पण मी नाही. माझ्या अंगावर निदान दोन लाख बिंदू पडायला हवे होते. लादीवर काहीही नाही.

टिक केली. सही केली.

मंगळवार, ११ मार्च

सकाळी सातला जाग आली तेव्हा मी खोलीच्या मधोमध उभी होते. हात खाली.

तोंडात पत्र्याची चव. न्याहारीला अर्धा पाव खाल्ला आणि उरलेला अर्धा मी उशीच्या अभ्र्यात ठेवला. हे मला दुपारी कळलं, अभ्रा चुरचुरला तेव्हा. माझ्या बोटांनी त्याची लहान गोळी करून ठेवली होती. घोडा. डोकं, मान, सगळं. मला बुद्धिबळ येत नाही.

आंटींना सरळ विचारलं. त्या भाजी निवडत होत्या, पहिल्यांदाच बसून. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं:

त्यांच्या आजेसासऱ्यांचा बैलगाडीने कॅम्पला पाणी पोचवायचा धंदा. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात एक कैदी पळाला, तीन नंबरचा. पाचच्या गिनतीत एकोणचाळीस भरले. अधिकारी म्हणाला, चाळीस होईपर्यंत उभे राहा. रात्र गेली, सकाळ झाली, दुपार झाली. आजेसासऱ्यांची गाडी फाटकावर अडवली, पाणी आत जाऊ दिलं नाही. माणसं पडायला लागली. पडलेल्याला मोजत नव्हते. मग शेजारच्यांनी काखेत हात घालून मेलेल्यांना उभं धरलं, आकडा आणखी कमी होऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला गिनती आली तेव्हा किती जिवंत आणि किती धरलेले, ते फाटकातून कळत नव्हतं. सगळे उभे होते.

पळालेला सापडला नाही. आंटी म्हणाल्या, ती गिनती अजून पुरी झाली नाय. जागा एकाची खाली आहे. जो थांबेल तो तिचा.

मी म्हटलं, मग मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, सांगितलं असतं तर तू हसली असतीस. तुमच्या साहेबाला सांगितलं होतं, तो हसला. उन्नतीला सांगितलं, ती हसली. तुला चालायला सांगायचं ठरवलं होतं नुसतं.

ही माणसं कॅम्पची राखण करतात. माणसं इथे यायची थांबली तर त्यांना हवंच असेल. हे लक्षात ठेवायला हवं.

बुधवार, १२ मार्च

सातला उभी. पाचला उभी, माझी मीच जाऊन लादीवर. दोन्ही खांदे दुखतात, बाहेरून दाबल्यासारखे. नखांचे ठसे नाहीत; पाहिलं.

उन्नतीला फोन लावला. ती आधी ओळख देईना. मग एका श्वासात बोलली. चौदावा मुद्दा तिने लिहिलेला नाही, तो तिलाही छापील मिळाला होता. डिसेंबरात ती उभी राहिली. मी सोमवारी उभी राहिले त्या संध्याकाळी ती तीन महिन्यांनी पहिल्यांदा जमिनीवर बसून जेवली, म्हणाली. जो शेवटी उभा राहील त्याची जागा; आधीचा सुटतो. जागेवर नसलं तर रांगेतले घरी येतात, आणि घरात जो जवळचा असेल, स्थिर असेल, त्याला धरतात. जानेवारीपासून ती रोज दोनदा कुंपणाच्या भोकातून येऊन उभी राहत होती, कारण घरी चार वर्षांची मुलगी आहे; मी कामावर आले त्या आठवड्यात मात्र यायची थांबली आणि सातला-पाचला मुलीला कडेवर घेऊन घरातच फिरत राहिली. ती रडत होती. मला म्हणाली, तुला कोण आहे घरी. मी फोन ठेवला.

तिने सातच्या आणि पाचच्या फाइली पुसल्या हे तिने कबूल केलं नाही. मी विचारलंही नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीआड लहान चोरी लपवता येते. माझा अजूनही विश्वास नाही.

गुरुवार, १३ मार्च

उद्या धुळवड, सुट्टी. यंत्र इथे ठेवायचं नाही, जबाबदारी माझी. घरी नेते.

आणि एक सरळ चाचणी सुचली. स्कॅनर घरीही सावल्या दाखवत असेल तर दोष यंत्रात आहे. मग सगळं सुटतं: माझे बिंदू, भिंत, सगळं. पाव माझ्या डोक्यात आहे, डोक्याला सुट्टी हवी आहे.

चारच्या बसने निघाले. पाचला बसमध्ये उभी राहिले. जागा रिकाम्या होत्या. कंडक्टर म्हणाला, ताई, तिकिटात सीट पण येते.

शुक्रवार, १४ मार्च

खाली सोसायटीत मुलं रंग खेळत होती. मीराने पुरणपोळ्या केल्या. मी अर्धी खाल्ली, अर्धी ठेवली. तिने नुसतं पाहिलं.

संध्याकाळी ४:५८ ला हॉलच्या कोपऱ्यात तिवई लावली. मीरा मधोमध टेबलापाशी इस्त्री करत होती. म्हणाली, माझा फोटो काढतेयस तर केस तरी विंचरू दे. मी म्हटलं, फोटो नाही, हलू नकोस. मी असं का म्हटलं. सवयीने. स्कॅन बिघडतो म्हणून.

सावल्या आहेत. हॉलच्या चारही भिंतींवर. मी मोठ्याने हसले. यंत्रात दोष आहे, मी मीराला म्हटलं, यंत्रच बिघडलंय. तीही हसली.

मग जागा काढल्या.

रांग नाही. अंतर पंचाहत्तर नाही. एकोणचाळीस सावल्या एकमेकींत घुसलेल्या, सगळ्या टेबलाकडे तोंड करून. सर्वांत जवळच्या दोन मीराच्या दोन्ही बाजूंना.

मीराच्या अंगावर बिंदू आहेत. चेहरा, केस, इस्त्रीचा हात. डाव्या खांद्यावर नाहीत. खांद्यापासून कोपरापर्यंत काही नाही.

रात्री जेवताना ती म्हणाली, हा खांदा भरून आलाय गं, कोणी लोंबकळल्यासारखा. बाम चोळून दे.

मी चोळून दिला. खांदा हाताला लागत होता. गार होता.

शनिवार, १५ मार्च

पहिल्या बसने परत. सातच्या आत लादीवर. सहा मिनिटं उशीर झाला असता तर.

मीराला सांगितलं, काम वाढलंय. ती म्हणाली, काम वाढलंय की कोणी माणूस भेटलाय. वाढू दे तिचा संशय त्या बाजूला.

आठला तिचा फोन: खांदा एकदम मोकळा झालाय, तुझ्या हाताला गुण आहे.

म्हणजे खरं आहे.

मी उमंगसरांना मेल केली होती की चौदावा मुद्दा कोणी लिहिला ते सांगा, नाहीतर मी ट्रस्टकडे जाते. दुपारी ते स्वतः आले. गाडीतून उतरले आणि चालू लागले. अंगणाच्या कडेने गोल, हात मागे, एकदाही न थांबता. त्यांनी सांगायची गरज उरली नाही.

चालता चालताच बोलत होते. त्यांना तरी कुठे माहीत होतं. गेल्या वर्षी जागा पाहायला आले, रांगेत उभं राहून फोटो काढून घेतला, संपलं. मग मुद्दा लिहिला आणि मुलगी ठेवली. जबरदस्ती कोणावर नाही, तू टिक केलीयस, सही तुझी आहे. मग आवाज खाली आणून म्हणाले, राधिका, तुझी बहीण असते ना घरी. दोन दिवस मदतीला बोलव तिला, तिवई धरायला. चहा-नाश्ता ट्रस्टचा.

मी म्हटलं, सर, जरा थांबता का, नीट ऐकू येत नाही.

ते थांबले नाहीत. हसले आणि गाडीत बसले.

रविवार, १६ मार्च

ठरवलं. ही जागा माझ्यापाशीच राहील. कोणाला द्यायची नाही. मी नीट विचार केला आहे, यात त्याग वगैरे नाही; एक जागा आहे, तीत एक माणूस लागतो, आणि दुसरा माणूस मीरा आहे.

चेकलिस्टच्या सगळ्या प्रती जाळल्या. ऑफिसमधली फाइल इथूनच पुसली.

गिनती लांबते आहे. काल वीस मिनिटं, आज चाळीस. त्या वेळात मी दिसत नाही. आंटी माझ्यापासून तीन फुटांवरून स्टीवन अंकलना विचारत गेल्या, पोरगी रविवारची घरी गेली काय. मी हाक मारली. त्या चालत राहिल्या.

उजवीकडचा माणूस उंच आहे. डावीकडचा स्वतःच्या पायांवर उभा नाही. त्याला मी धरलं आहे. हात माझाच आहे, काखेत गेलेला. जड —

पाणी. कोणी पाणी आणलं तर फाटकावर —

सोमवार, १७ मार्च

सकाळची गिनती अकरापर्यंत.

अंकल आणि आंटी आगाशीला गेलेत, नात्यात कोणी वारलंय. परत आठनंतर.

४:१० मीराचा मेसेज. चांदीपला उतरलेय, फोन का उचलत नाहीस, उमंगसरांनी पत्ता दिला, फार चांगले आहेत गं बोलायला.

मी लिहिलं, येऊ नकोस. एकच टिक. परत लिहिलं. एकच टिक.

४:३० फाटकावर जाऊन थांबले. थांबले नाही, फिरत राहिले. रस्ता रिकामा. ४:४५ ला पाय परत वळले. मी वळवले नाहीत.

४:५१. रांग लागली आहे. कोपरांना दोन्हीकडून धरलंय. बोटं हलतात, तेवढीच. वही पोटाशी, पेन्सिल —

ती आली. फाटकातून. निळा ड्रेस. राधिका राधिका करतेय. हातात डबा.

मी ओरडले. तोंड उघडलं, आवाज —

चालतेय ती. बरं आहे. चाल. चालत राहा, मीरा. बराकीत डोकावलीस, आता बाहेर ये आणि जा. फाटक मागे आहे.

४:५६. बोटं सुटत चालली. वही पडेल. सातव्या लादीवर. माझं अक्षर ती शंभर पावलांवरून ओळखते. येईल, उचलेल आणि इथेच उभी राहून वाचेल. सगळं. पहिल्या पानापासून, ती कधी मधलं सोडत नाही —

पानं फाडता येत नाहीत. हात —

मीरा. वही घेतलीस तर चालत वाच. फाटकाकडे. थांबू नकोस. मला शोधू नकोस.

ती इकडे बघतेय.

जेवढं लिहीन तेवढा वेळ तू उभी राहशील. म्हणून मी आता —